दहा तासांत माहूर

रविवारी पहाटे पाच वाजता अनंतराव डोक्यावर हेल्मेट चढवून आणि गुडघ्यांना बाम चोळून नांदेडहून निघाले, तेव्हा सौदामिनीबाई दारातूनच म्हणाल्या, "वाळवंटच बघायचं ना? मग मे महिन्यात लातूरला माझ्या माहेरी चला की. फुकटात बघायला मिळंल."

अनंतरावांनी सायकलवर टांग टाकली. एकोणतीस वर्षं ते शाळेत भूगोल शिकवत होते. दरवर्षी फळ्यावर वाळूची चंद्रकोरीसारखी टेकडी काढायची, शेजारी 'बारखाण' असं लिहायचं, वाऱ्याचा बाण दाखवायचा आणि तास संपला की डस्टरनं सगळं पुसून टाकायचं. ती टेकडी निवृत्तीआधी एकदा तरी पायाखाली घ्यायची, एवढीच त्यांची इच्छा होती. लातूरचा एक सायकल क्लब डिसेंबरात थरच्या वाळवंटातून आठ दिवसांची माउंटन बाइकची सफर काढत होता. पन्नाशी उलटलेल्यांना अट एकच: नांदेड ते माहूर, दहा तासांत. क्लबचा सचिव वीरेश माहूरच्या कमानीपाशी घड्याळ घेऊन उभा राहणार होता. "सर, दहा म्हणजे दहा. माझ्याकडं वशिला चालत नाही," असं त्यानं फोनवर दोनदा बजावलं होतं. मास्तर माणूस असल्यानं अनंतरावांना ते आवडलंही होतं.

अर्धापूर मागे पडलं आणि ते केरबाच्या टपरीवर चहाला थांबले. तिथंच घात झाला.

"कुठं निघालाव सर, असल्या चड्डीवर?" केरबानं विचारलं.

"माहूरला. वाळवंटात जायचंय, त्याची तयारी."

केरबानं गाळणी खाली ठेवली. "माहूरला वाळवंट कवा झालं?"

चुकीचा भूगोल तसाच सोडून पुढे जाणं अनंतरावांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी थर समजावला, वारा समजावला, टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून बारखाणही काढली. बाकावरचे आठजण पुढे सरकले.

"तिथं प्यायला पानी?"

"उंटावरून नेतात."

"मंग उंटावरच बसा की. सायकल कशाला हाणता?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. अनंतराव उठले तेव्हा पंचवीस मिनिटं गेली होती. आता वाटेत कुणी विचारलं तर भूगोल काढायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

पुढच्या फाट्यावर पेरू विकणारी सरजाबाई थेट रस्त्यात आडवी आली. "सायकलीवर माहूर? नवस हाय का?"

"हाव," अनंतराव म्हणाले.

काय सुटसुटीत उत्तर! कुणी पुढं काही विचारलं नाही, उभी असलेली रिक्षासुद्धा बाजूला झाली. अनंतराव खुशीत पायडल मारणार, तेवढ्यात सरजाबाई शेजारच्या दुकानातून नारळ घेऊन पळत आली. "माझा बी एक देवीला. नातवाला नोकरी लागू दे म्हनावं. आन तुमचा नवस कशाचा हो?"

देवीचा नारळ नाही म्हणायची छाती त्या मुलखात कुणाची नाही. अनंतरावांनी तो पाठीवरच्या पिशवीत टाकला. नवस मात्र सुचेना. मग लातूरला नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची आणि स्थळ म्हटलं की फोन ठेवून देणारी लेक आठवली.

"पोरीच्या लग्नाचा," ते म्हणाले.

काय बोलून बसलो, हे त्यांना पुढच्या गावात कळलं. ज्या भागात तिशी ओलांडलेली पोरं मुलगी मिळत नाही म्हणून झुरत बसली आहेत, त्या भागात एक बाप लेकीच्या लग्नासाठी सायकल मारत निघालाय, ही बातमी सरजाबाईच्या मोबाइलवरून केव्हाच पुढे पोचली होती. वेशीवर माणसं उभी होती. काहींच्या हातात नारळ, काहींच्या हातात बायोडाटा. एकानं तर अंघोळ घालून, भांग पाडून पोरगाच आणला होता.

"चार एकर हाय सर. दोन बोअर हायत. एकाला पानी बी हाय."

"अहो, मला उशीर होतोय..."

"मंग पोराला गाडीवर तुमच्या मागं लावून देतो. जाता जाता बोला."

पुढचे सहा किलोमीटर तो पोरगा मोटारसायकलवरून शेजारून चालला आणि सोयाबीनबद्दल बोलत राहिला. हदगावपर्यंत नऊ नारळ आणि पाच बायोडाटा झाले. मग सौदामिनीबाईंचा फोन आला.

"अहो, मला न विचारता नवस बोललात? हदगावच्या मावशी विचारून राहिल्या, पोरीत काही खोट हाय का!"

तो फोन ठेवतात तोच लेकीचा. "बाबा, तुम्ही रस्त्यानं स्थळं गोळा करून राहिलात? मी आत्ताच्या आत्ता नांदेडला निघाले," एवढं बोलून अपूर्वा रडायला लागली. अनंतरावांनी तिला समजावलं. त्यात वीस मिनिटं गेली आणि पुढं चढ लागला.

चौदा नारळ घेऊन ते माहूरच्या कमानीखाली पोचले, तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वीरेश उभाच होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण नजर घड्याळावर होती. त्यानं वहीत वेळ लिहिली.

"चाळीस मिनिटं उशीर, सर. नाही बसत नियमात."

अनंतराव पायरीवर बसले. त्यांना खरंच रडू आलं. एकोणतीस वर्षांची टेकडी, आणि केरबाच्या चहात विरघळली. त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

वीरेश मात्र हलेना. मग हळूच म्हणाला, "सर, त्या बायोडाट्यांत कुणाला शब्द तर नाही ना दिला?"

"तुला काय करायचंय?"

"अपूर्वाचे सकाळपासून सतरा फोन आले सर. आमचं... चार वर्षं झाली."

अनंतरावांना हा धडा उमजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे, तू आमच्या अपूर्वाला... आणि तरी चाळीस मिनिटं लिहिलीस?"

"चाळीसच झाली ना सर."

अनंतरावांना राग आला. तो टिकेना, म्हणून आणखी राग आला. स्वतःचं नुकसान होत असताना खरा आकडा लिहिणारा विद्यार्थी त्यांना अख्ख्या नोकरीत भेटला नव्हता.

"परत चाचणी कधी?"

"पुढच्या रविवारी. शेवटची."

"मग लग्नाचं बी तवाच बोलू. तीनच्या आत पोचलो तर."

वीरेशनं भावी सासऱ्यांचं पोट पाहिलं, गुडघे पाहिले आणि खिशातून रुमाल काढून घाम पुसला. "सर, मी उद्यापासून नांदेडलाच मुक्काम करतो. रोज पहाटे पाचला घरी येतो. तुमचा सराव घेतो."

"ये की. आधी हे नारळ वर देवीला पोचवू, सात तू उचल." अनंतराव गुडघे धरत उठले. "आन पहाटेचा चहा माझ्या हातचा प्यावा लागंल. अपूर्वाच्या भरवशावर राहू नको. ती आठच्या आत उठत नाही."

"साडेआठ, सर," वीरेशनं चूक दुरुस्त केली आणि जीभ चावली.