चैतन्याचं मस्टर

"हा चौक शनिवारी संध्याकाळी पाच वाजता जिवंत होईल," नकाशेसाहेब म्हणाले. "पाच म्हणजे पाच! पाच दहाला त्यात चैतन्य येईल आणि साडेपाचला लोक एकमेकांशी आपुलकीने बोलू लागतील. मी तसा तक्ताच केलाय!"

नकाशे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. नगर नियोजन विभागाचे ते उपप्रमुख. रस्त्यावर पाय न ठेवताही शहर कळतं, अशी त्यांची पंचवीस वर्षांची ठाम समजूत होती. म्हणून ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे नकाशे म्हणत. पुढे एकाने चुकून तोंडावर म्हटलं, तर साहेबांना तो सन्मान वाटला! तेव्हापासून सगळेच तोंडावर म्हणू लागले.

तो चौक शहराच्या अगदी मधोमध होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिथे एक डेरेदार झाड होतं, झाडाभोवती गोल कट्टा होता आणि कट्ट्यावर कुणी ना कुणी टेकलेलं असायचंच. शेजारी सायकलवर चहा विकणारा, किल्ल्या करून देणारा, छत्र्या दुरुस्त करणारा आणि जुनी पुस्तकं मांडून बसणारी एक तोंडाळ बाई. ही सगळी मंडळी नकाशेसाहेबांच्या नकाशात कुठेच बसेनात. नकाशा बदलण्यापेक्षा माणसं हलवणं सोपं, म्हणून त्यांनी माणसं हलवली. कट्टा फोडला. झाड पानं गाळून कचरा करतं म्हणून तेही काढलं आणि त्या जागी लोखंडाचं झाड उभं केलं. ते सावली देत नव्हतं, पण पानंही गाळत नव्हतं.

मग बसवली अठरा दगडी आसनं. प्रत्येक आसन दुसऱ्यापासून बारा फूट लांब आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. वर कुणी आडवं होऊन झोपू नये म्हणून प्रत्येक आसनाला पुढे उतार दिलेला. झोपणं तर बंद झालंच, पण बसणाराही मिनिटाभरात घसरून खाली येऊ लागला. सगळ्यांवर कडी म्हणजे पाटी! विक्री करू नये, खाऊ नये, मोठ्याने बोलू नये, वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. आणि तळाशी, ठळक अक्षरांत: आनंद घ्या.

लोकांनी आनंद घेतला, पण दुसरीकडे जाऊन. चौकात कबुतरंसुद्धा उतरेनात.

अशातच मोठ्या साहेबांनी नकाशेंना बोलावलं.

"लोकस्नेही चौकाचं मानांकन जाहीर झालंय. तिघांची समिती शनिवारी पाच ते सहाच्या दरम्यान येणार. गुपचूप येणार, ओळख देणार नाहीत. विभागप्रमुख महिनाअखेर निवृत्त होतायत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे, सर!" ठाऊक नसायला काय झालं! प्रमुखांच्या केबिनच्या पडद्यांचं माप नकाशेंनी सहा महिन्यांपूर्वीच घेऊन ठेवलं होतं.

"मानांकन मिळालं तर ती खुर्ची तुमची. नाही मिळालं तर भटक्या जनावरांच्या विभागात एक जागा रिकामी आहे."

नकाशेंनी घरी फक्त पहिलं वाक्य सांगितलं. बायकोने ते आपल्या आईला सांगितलं, आणि सासूबाईंनी ओळखीच्या झाडून सगळ्यांना 'जावई प्रमुख झाले' असं कळवूनसुद्धा टाकलं. आता माघार घ्यायला जागाच उरली नाही.

अशा वेळी दुसऱ्या कुणी झाड लावलं असतं, निदान चहावाल्याला तरी परत बोलावलं असतं. नकाशेंनी तक्ता केला. ऑफिसातल्या चाळीस जणांनी साध्या कपड्यांत चौकात जमायचं आणि नेमून दिल्याप्रमाणे शहर जगायचं. पाणीपट्टी विभागाने आसनांवर बसून पेपर वाचायचा. रस्ते विभागाने रमतगमत चालायचं. जन्ममृत्यू नोंदणीतल्या तिघांनी खळखळून हसायचं. खुणेसाठी शिट्टी! एक लांब शिट्टी वाजली की हसणं, दोन आखूड वाजल्या की जुने मित्र अचानक भेटून गळाभेट.

"आणि एक लक्षात ठेवा," नकाशे बैठकीत म्हणाले, "कुणीही विचारलं तरी आपण ऑफिसातले आहोत हे सांगायचं नाही. म्हणायचं, काही नाही हो, सहज उभे आहोत!"

"शनिवार आहे साहेब," पाणीपट्टीचा हेडक्लार्क म्हणाला. "बदली रजा मिळणार का?"

"मिळेल."

"मग मस्टरवर सही पाहिजे," कोपऱ्यातून मस्टरकाका बोलले.

मस्टरकाका म्हणजे हजेरीचे कारकून. तीस वर्षांत त्यांनी कुणाला एक सही आगाऊ करू दिली नव्हती की एक मिनिट माफ केलं नव्हतं. "सही नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर रजा नाही. मी मस्टर घेऊन चौकात येतो."

"या, या," नकाशे म्हणाले. त्यांचं लक्ष तक्त्यातल्या रंगांकडे होतं.

घरच्यांनाही कामं वाटून दिली होती. बायकोने आईबरोबर आसनावर बसून विणकाम करायचं.

"मी नाही बसायची त्या घसरगुंडीवर," सासूबाईंनी सांगितलं. "गेल्या खेपेला कंबर धरली होती माझी! मी घरून घडीची खुर्ची आणणार."

"आई, अहो, ते तक्त्यात नाही!"

"मग तक्त्यालाच सांगा विणकाम करायला."

शनिवार उजाडला. पाचला दहा कमी असताना मस्टरकाकांनी लोखंडी झाडाखाली घडीचं टेबल मांडलं, भलंमोठं मस्टर उघडलं आणि चष्मा पुसला. चाळीस माणसं त्यांच्यापुढे रांगेत उभी राहिली. काका प्रत्येकाचं ओळखपत्र बघत, चेहरा बघत, पुन्हा ओळखपत्र बघत आणि मग सही करू देत. रांग गोगलगायीला लाज वाटेल अशा चालीने सरकत होती.

भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू तिथून चालल्या होत्या. रांग बघून त्या थबकल्या.

"कसली हो रांग?"

"काही नाही हो," हेडक्लार्क नेमून दिल्याप्रमाणे म्हणाला. "सहज उभे आहोत."

काकूंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चाळीस माणसं, पुढे टेबल, टेबलावर सरकारी वही, आणि हा म्हणतो सहज! म्हणजे प्रकरण नक्कीच मोठं होतं. काकूंनी मुकाट्याने पिशवी खाली ठेवली, हेडक्लार्कच्या मागे जागा धरली आणि फोन लावला. "अहो, आहात तिथून या. कागदपत्रं घेऊन या. कसली ते विचारू नका, कुणी सांगत नाहीये!"

झालं! पुढचा प्रत्येक जण विचारी आणि ऑफिसातला प्रत्येक जण इमानेइतबारे 'सहज' म्हणे. जितकं लपवावं तितकी रांग वाढे. पाच वाजता सत्तर माणसं होती, पाच दहाला दोनशे. कुणी म्हणालं घरं मिळतायत, कुणी म्हणालं डोळे तपासतायत, कुणी म्हणालं अर्जाचा आज शेवटचा दिवस. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील म्हणून लोक घराचे कागद, जुना चष्मा आणि दोन फोटो घेऊन आले. चाळिसावी सही झाल्यावर मस्टरकाका वही मिटू लागले, तर लोक खवळले.

"वही मिटायची नाही! आमची नावं घ्या!"

"तुमचा विभाग कोणता?" काकांनी विचारलं.

"विभाग नंतर बघू! आधी नाव लिहा!"

काकांनी नाव लिहिलं. समोर माणूस उभा आहे आणि नोंद नाही, हे त्यांच्याने बघवलंच नसतं.

माणसं जमली म्हणून चहावाला आला. चहावाला आला म्हणून किल्लीवाला आला, आणि किल्लीवाला आला म्हणून पुस्तकवाली बाई भांडायला आली ती तिथेच दुकान मांडून बसली. लोकांनी दगडी आसनांवर पिशव्या ठेवल्या. त्या तेवढ्या घसरत नव्हत्या. "माझा नंबर धरा हो, आलेच." "तुमचा मुलगा काय करतो?" "अय्या, तुम्ही पण तिथल्याच?" दोन वर्षांत त्या चौकात एकूण जेवढं बोलणं झालं नसेल, तेवढं पंधरा मिनिटांत झालं.

आणि नकाशे कुठे होते? ते गाडीत होते! चौकाभोवतीचे सगळे रस्ते त्यांनीच एकेरी केलेले आणि गाड्या लावायच्या जागाही त्यांनीच बंद केलेल्या. चौक डाव्या खिडकीतून दिसे, पण गाठता येईना. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीला त्यांना सायकलवरचा चहावाला दिसला. समितीने हा उकिरडा पाहिला तर खुर्ची गेली! गाडी तशीच रस्त्यात सोडून ते पळत सुटले.

"हटा! निघा इथून! पाटी वाचा!" घसा बसला, तशी त्यांनी खिशातली शिट्टी काढून जोरात फुंकली.

जन्ममृत्यू नोंदणीचे तिघे खळखळून हसू लागले.

"हसू नका!" नकाशे ओरडले आणि पुन्हा फुंकले. तिघे आणखी मोठ्याने हसले. त्यांचं बघून मागची रांगही हसायला लागली. साहेबांनी संतापून दोन आखूड शिट्ट्या मारल्या, तर रस्ते विभागाचे सात जण 'अरे, किती वर्षांनी!' करत एकमेकांच्या गळ्यात पडले. एकाने चुकून किल्लीवाल्यालाच मिठी मारली. आणि शिट्टी झाली म्हणजे वाटप सुरू झालं, असं समजून अख्खी रांग एकदम दहा पावलं पुढे सरकली!

नकाशे टेबलावर चढले. "ऐका! इथे काहीही मिळणार नाही!"

रांग होती तिथेच थबकली.

"म्हणजे संपलं?" भाजीच्या पिशवीवाल्या काकू किंचाळल्या. "इतक्यात? पुढच्या चाळिसांना बरं मिळालं!"

"आपल्याच माणसांना वाटून टाकलं मेल्यांनी!"

टेबल हलायला लागलं. नकाशे खाली उतरले, म्हणजे उतरवले गेले. समोर रांगेत एक पांढऱ्या केसांच्या बाई हातात चहाचा कप घेऊन सासूबाईंच्या घडीच्या खुर्चीवर आरामात बसल्या होत्या. नकाशेंचा पारा चढला.

"ओ आजी! इथे घरच्या खुर्च्या चालत नाहीत! उठा, निघा!"

आजींनी कप सासूबाईंच्या हातात दिला, पिशवीतून छोटी वही काढली आणि काहीतरी लिहिलं. मग सासूबाईंकडे वळून विचारलं, "हा शिट्टीवाला कोण हो?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. शर्ट बाहेर आलेला, शिट्टी दातांत, केसांना चहा लागलेला.

"मी नाही बाई ओळखत!" त्या म्हणाल्या. बायकोने तर विणकामातून मान वर केलीच नाही.

शेवटी मस्टरकाका उभे राहिले. "ओरडू नका! सगळ्यांची नावं लिहून घेतो. राहिले ते पुढच्या शनिवारी!" तेव्हा कुठे लोक शांत झाले, आणि उरलेला चहा पिऊन, पुस्तकं चाळून, नवे फोन नंबर घेऊन हळूहळू पांगले.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. मानांकन मिळालं!

मोठ्या साहेबांनी भर बैठकीत समितीचा अहवाल वाचून दाखवला. "इतका जिता-जागता चौक आम्ही पाहिला नाही. अनोळखी माणसं एकमेकांचे नंबर धरतात, घरून खुर्ची आणतात आणि दुसऱ्याला बसायला देतात." टाळ्या पडल्या. नकाशेंनी विनयाने मान झुकवली. मिळाली खुर्ची, लागले पडदे!

"मात्र दोन दोष तातडीने दूर करावेत," मोठे साहेब पुढे वाचू लागले. "एक, पिशव्या ठेवण्यापलीकडे निरुपयोगी असे अठरा दगड. दोन, शिट्टी वाजवून नागरिकांना हुसकावणारा एक इसम. समितीच्या अध्यक्ष बाईंना तो 'निघा' म्हणाला. त्याचा बंदोबस्त झाल्याचं कळल्याशिवाय मानांकन कायम होणार नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "नकाशे, प्रमुख म्हणून तुमचं पहिलं काम. हा माणूस शोधा. आपला असेल तर भटक्या जनावरांत टाका! काय पुरावा आहे?"

"पुरावा... तसा काही नाही, सर," नकाशे चाचरले. चाळीस जण छताकडे बघत बसले होते. बदली रजा अजून मंजूर व्हायची होती.

"आहे ना," कोपऱ्यातून मस्टरकाका म्हणाले. "त्या दिवशी चौकात जो आला त्याची माझ्याकडे नोंद आहे. वेळेसकट."

"छान! मस्टर सोमवारी माझ्या टेबलावर!"

बैठक सुटताच नकाशेंनी काकांना जिन्यात गाठलं. "काका, माझी नोंद काय केलीय?"

"जे झालं ते. पाच बावीसला हजर. बावीस मिनिटं उशीर. शिट्टीसह."

"ते पान जरा..."

"मस्टर चौकात आहे साहेब. लोक वही हलवू देत नाहीत, कपाटच नेलंय तिकडे. उद्या शनिवार. या तुम्ही, बघू काय करता येतं."

शनिवारी नकाशे चौकात पायी गेले. नोकरीत पहिल्यांदाच. चहाची सायकल उभी होती, किल्ल्या खणखणत होत्या, आणि टेबलापुढून निघालेली रांग पार बाहेरच्या रस्त्यापर्यंत गेली होती. नकाशे तरातरा पुढे गेले.

"ओ, मधे घुसायचं नाही!" भाजीच्या पिशवीवाल्या काकूंनी दरडावलं.

"अहो, मी प्रमुख आहे!"

"आम्ही पण प्रमुखच आहोत! मागे!"

नकाशेंनी मस्टरकाकांकडे पाहिलं. काकांनी मान वर न करता पेनाने रांगेचं टोक दाखवलं. नकाशे मुकाट्याने टोकाला जाऊन उभे राहिले. दोन मिनिटांत एक माणूस आला आणि रांगेकडे बघून थबकला.

"काय हो, कसली रांग?"

नकाशेंनी कपाळावरचा घाम पुसला.

"काही नाही हो," ते म्हणाले. "सहज उभा आहे."

त्या माणसाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि घाईघाईने त्यांच्या मागे नंबर लावला.