तोंड कानाले

आमच्या आळीत दोन माणसं भांडायला लागली की शामराव मेकॅनिक मध्ये उभे राहायचे. एकाच्या तोंडाकडं बोट करायचे, दुसऱ्याच्या कानाकडं. "तोंड कानाले जोडा लेकहो! तोंडाले तोंड जोडून कुठं लाइन चालते?" मग दोघंही शामरावांवर उलटायचे, म्हणजे भांडण एका अर्थी मिटायचंच.

तारखात्यात ते टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणारी यंत्रं, बसवत. या यंत्राला तारांच्या दोन जोड्या असतात, एक बोलायची, एक ऐकायची. इकडची बोलायची तिकडच्या ऐकायचीला मिळावी म्हणून कुठल्या तरी एका टोकाला जोड्यांची अदलाबदल करावी लागते. हे मला त्यांनीच सांगितलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे कुणीही काही सांगितलं की मी मुकाट्यानं ऐकत असे. शामराव स्वतः मात्र कुणाचं ऐकत नसत. "माहा जोड आजवर उकलला नाई," असं ते म्हणत. ते खरंही असावं, कारण चूक निघाली तरी दुसऱ्या टोकाच्या माणसालाच उकलावं लागे.

त्यांची मुलगी सुमन तारघरात ऑपरेटर होती. मूर्तिजापूरचं स्थळ नाकारून तिनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हापासून बापलेकींत शब्द नव्हता. तिची आई म्हणे, "दोघंबी एकाच मातीचे. कोनाले काय सांगाव?"

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकात मुद्रितं तपासत असे. तिथं टेलिप्रिंटर आला आणि तो रस्त्यापलीकडच्या तारघराशी जोडायला शामराव आले. त्या दिवशीच्या बातम्यांसाठी संपादकांनी पहिलं पान मोकळं ठेवलं होतं.

शामरावांनी तारा जोडून कळा दाबल्या. यंत्र खडखडलं, पण तिकडून उत्तर नाही. संपादकांनी तारघराला फोन लावला.

"तिथल्या बाई म्हणतात, त्यांनी अदलाबदल करवून घेतली आहे."

"मी इकडं केली ना! दोन्हीकडं केली म्हंजे झाली सरळच. म्हणा, उकला."

संपादकांनी निरोप दिला, ऐकलं, आणि जरा चाचरत म्हणाले, "त्या म्हणतात, वडिलांनी शिकवलं तसंच जोडलंय. उकलणार नाही."

शामरावांच्या हातातली पक्कड थांबली. "मंग सांगा त्याइले, वडील अजून जिते हायेत."

"त्या म्हणतात, आवाज इथवर येतोय."

मी खाली पाहून हसू दाबलं. संपादकांना मात्र हसू येत नव्हतं. "अहो, माझं पान रिकामं आहे! कुणीतरी एकानं उकला!"

शामरावांनी त्या जोडाकडं पाहिलं. मग यंत्रामागं गुडघे टेकून बसले आणि स्क्रू सैल करू लागले. "धूळ गेली असन आत," ते आमच्याकडं न पाहता म्हणाले. धूळ कुठली असणार? यंत्र सकाळीच खोक्यातून निघालं होतं.

तारांची जागा बदलून ते पुन्हा कळांपाशी बसले. चाचणीसाठी ठरावीक अक्षरं पाठवायची असतात. ती त्यांनी पाठवली नाहीत. एका बोटानं, एकेक इंग्रजी अक्षर शोधत त्यांनी विचारलं, जेवली का?

यंत्र पुन्हा खडखडलं. मग कागद सरकला. हो बाबा. तुमी?

"झाली ना लाइन?" संपादक म्हणाले. "बातम्या येऊ द्या आता."

"दम धरा सायेब," कागदावरची नजर न काढता शामराव म्हणाले. "तपासनी चालू हाये."