इंजिनाची उचकी

कॅझ दुबिएलची नारिंगी गाडी ऐन क्रूझच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या वार्षिक मिरवणुकीच्या, दिवशी रुसली. त्याच्या लेकीने, मार्टाने, किल्ली फिरवली की इंजिन नुसतं कण्हायचं आणि गप्प व्हायचं. बाबा असते तर त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घालून दोन शिव्या हासडल्या असत्या आणि ती मुकाट सुरू झाली असती. पण बाबा वसंतातच गेले होते, आणि शिव्या मार्टाला तितक्या मनापासून जमत नव्हत्या.

"तुझी काढ ना," तिची आई बर्निस बटाट्याच्या सॅलडचं भांडं सावरत म्हणाली. "तीही आवाज करते म्हणालीस."

"आई, ती बॅटरीवर चालते. ओर्विलकाका मला वुडवर्डच्या रस्त्यावरून हाकलून देतील."

"देऊ देत. सॅलड तापतंय."

शेवटी सॅलडचं भांडं मार्टाच्या करड्या गाडीत गेलं.

खरी भीती आईला माहीतच नव्हती. मार्टा डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत इंजिनिअर होती. इंधनबचतीचे नियम कडक होत गेले. कंपनीच्या सगळ्या गाड्यांची मिळून गॅलनमागे किती मैल याची सरासरी धरली जायची, आणि बाबांचं लाडकं आठ सिलिंडरचं इंजिन ती सरासरी दरवर्षी धुळीला मिळवायचं. कंपनीने कंटाळून ते बंद केलं आणि जुन्या दांडग्या, वेगवान गाड्यांच्या धाटणीची बॅटरीवरची मसल कार काढली. मुक्या मसल कारला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा तिला स्पीकर लावायचे ठरले. आवाज शोधायचं काम मार्टाकडे आलं.

जगातला सगळ्यात देखणा आवाज तिच्याच घरच्या गॅरेजमध्ये होता. पण बाबा असल्या गाडीला 'चाकांचा टोस्टर' म्हणायचे, त्यांना विचारणार कोण? रविवारी सकाळी ते इंजिन गरम करायचे. त्याआधी तिने मागच्या बंपरखाली गुपचूप मायक्रोफोन चिकटवला. नंतर सांगू, नंतर सांगू म्हणता म्हणता बाबा गेले. आता ही चोरी त्यांच्या दोस्तांना कळली तर ते आईशीही बोलणं टाकतील. आणि त्यांच्याशिवाय आईच्या शनिवारच्या गप्पांना दुसरं होतंच कोण?

वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला, हिरवळीवर, बाबांचे हे दोस्त, ओर्विल आणि लामार, घडीच्या खुर्च्यांवर डोळे मिटून बसले होते. मधली खुर्ची रिकामी होती. कारखान्यात जन्म घालवलेल्या या मंडळींचा हा जुना खेळ होता: गाडी जाताना नुसत्या आवाजावरून साल आणि इंजिन ओळखायचं. डोळे उघडले तर बाद.

मार्टाने ठरवलं, आवाज बंद ठेवून पुढे सटकायचं आणि गाडी लांब लावायची. बेत नामी होता. इतक्यात आईने गाडीच्या पडद्यावरच्या एका चित्रावर बोट ठेवलं.

"हेच का गं ते?"

गाडी आधी घुरघुरली आणि मग अशी गरजली की पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाच्या हातून आइस्क्रीम पडलं.

ओर्विलने डोक्यावरची टोपी काढली. डोळे मिटलेलेच. "कॅझची. सत्तर सालची. आणली बघ पोरीने."

"बोलू नकोस," लामार म्हणाला. "पोरी, अजून एकदा आवाज दे."

मार्टाने दिला. न देऊन सांगते कुणाला? आजूबाजूची माणसं खुर्च्यांवरून उठून आली. लामारने डोळे पुसले, आणि पुसायचे म्हणजे ते उघडावेच लागले.

समोर करडी, गुळगुळीत गाडी उभी होती.

"ओर्विल," तो हळूच म्हणाला, "आपण म्हातारे झालो."

ओर्विलने गाडीला एक फेरी मारली. "बॉनेट उघड."

"काका, त्यात काही..."

"उघड म्हटलं ना."

बॉनेट उघडलं. आत, इंजिनाच्या रिकाम्या जागेत, सॅलडचं भांडं होतं.

"आठ सिलिंडरच्या जागी बटाटे," लामार म्हणाला. "मायलेज चांगलं असेल."

मग मात्र मार्टाने सगळं सांगून टाकलं: नियम, स्पीकर, बंपर, रविवार. सांगताना ती बटाट्यांकडे बघत होती.

"ते मघाचं पुन्हा लाव," बर्निस एकदम म्हणाली. "गरजायच्या आधीचं."

मार्टाने लावलं. इंजिन धिम्या लयीत घुरघुरलं, मध्येच अडखळलं आणि मग गरजलं.

"ते अडखळतं ते काय?"

"कार्ब्युरेटरची उचकी असणार. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांना फार आवडली. ती ठेवा म्हणाले, त्यानेच गाडी जिवंत वाटते."

"कार्ब्युरेटर कसला? तुझा बाप खाकरतोय."

मार्टाने पुन्हा लावलं. आणि पुन्हा. ही उचकी तिने हेडफोन लावून किती वेळा ऐकली होती, तिचा आलेख काढला होता.

"धूर गेला होता त्याच्या घशात," ओर्विल खुर्चीत बसत म्हणाला. "त्याच संध्याकाळी सांगत होता मला. पोरीने बंपरखाली काहीतरी लपवलंय, वाकून बघितलं तर धड चिकटवलेलंही नव्हतं. मग त्यानेच चिकटपट्टी दाबून बसवली. आदल्या दिवशी इंजिनात नवे स्पार्क प्लग टाकून ठेवले होते ते कामी आले म्हणाला."

"मग मला का नाही बोलले?"

"टोस्टरला मदत केली म्हणून कुणी बोभाटा करतं का, पोरी?"

मार्टा रिकाम्या खुर्चीत बसली. छातीवरची गाडी कुणीतरी जॅक लावून उचलावी तसं तिला झालं. लामारने तिच्या हातात सॅलडची ताटली दिली आणि ती चक्क खाऊ लागली.

"हा आवाज सगळ्याच गाड्यांत येणार का गं?" बर्निसने विचारलं.

"ऑक्टोबरपासून. पण आता ती उचकी काढायला सांगते, आई."

"अजिबात काढू नकोस," बर्निस म्हणाली. "इतकी वर्षं रोज सकाळी मी एकटीने ऐकलंय. आता ऐकू दे सगळ्या अमेरिकेला."