कडीची परीक्षा

पाण्यात मिठाचा कण जरी पडला तरी माझी कडी त्याला हुडकून काढेल, असं तो गेली पाच वर्षं भेटेल त्याला ऐकवत होता. बायकोला तर ते तोंडपाठ झालं होतं. कडी म्हणजे त्याने प्रयोगशाळेत घडवलेला गोल रेणू. काजात बटण बसावं तसा मिठातला सोडियमचा आयन तिच्या पोकळीत बसला, की खास दिव्याखाली पाणी निळं चमकायचं. आज अकराला बाहेरचे परीक्षक येणार होते. कडी घातलेलं शुद्ध पाणी दिव्याखाली काळं, मिठाचा थेंब पडला की निळं. एवढं दाखवलं की पीएचडी खिशात!

साडेनऊला त्याने रंगीत तालीम घेतली, तर मीठ घालायच्या आधीच बीकर चमकला.

त्याने बीकर बदलला, पाणी बदललं, भांडी तीन-तीनदा विसळली. उकडतंय म्हणून हातमोजे काढून फेकले. येरझाऱ्या घालायच्या आणि दर मिनिटाला बीकरवर वाकून बघायचं, असं सुरू झालं. तो जितकी धावपळ करी तितकी चमक वाढे. कडी दिसेल त्याला पकडते की काय? मग पाच वर्षं फुकट गेली!

मार्गदर्शक मॅडम परीक्षकांना घेऊन आल्या, तोवर बीकर लख्ख उजळला होता. तो खुलासे देत सुटला. पाणी खराब, काच खराब, बाटली पुरवणारा तर महाखराब. परीक्षक मात्र त्याच्या नाकाच्या शेंड्याकडे बघत होते. तिथून एक थेंब सुटला आणि टपकन बीकरमध्ये पडला.

"घामातही मीठ असतं ना हो?" त्यांनी शांतपणे विचारलं.

त्याची रवानगी बाहेर झाली. दाराच्या काचेला नाक लावून तो बघत राहिला. मॅडमनी हातमोजे चढवून नवा बीकर घेतला. शुद्ध पाणी काळंच राहिलं. सोडियमसारख्याच पोटॅशियमचा थेंब पडला, तरी काळंच. मग मिठाचा थेंब, आणि पाणी निळंशार झालं.

परीक्षकांनी दार उघडलं. "कडी अस्सल आहे. पदवी मिळाली समजा. आता एकदा माझ्या हाताने करून बघतो."

मॅडम त्यांच्यासाठी ताजं पाणी ओतत होत्या. त्याचे डोळे भरले, आणि आभार मानायला तो थेट टेबलाकडे धावला.

मॅडमनी चटकन बीकरवर झाकण ठेवलं.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "रड खुशाल, पण बाहेर जाऊन."