मामांची दुनळी

मुलगी बघायला गेलो तेव्हा मला मुलीच्या आधी बंदुकीची नळी दाखवण्यात आली. पोहे अजून चुलीवर होते, रेणुका आत साडीच्या निऱ्या नीट करत होती, आणि माझे होणारे सासरे भिंतीवरची दुनळी बंदूक काढून, ती बिजागरीवर मधोमध मोडून, नळ्या दाराकडे धरून माझ्यासमोर उभे होते.

"डोळा लावा. उजेड दिसायलाय का?"

मी डोळा लावला. उजेड दिसत होता. तसं सांगितलं.

"दिसणारच. नळीतून उजेड दिसला पायजे. आता सांगा, दुकानात तेलं कोनकोनती ठेवता?"

परभणीत माझं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे अशी नावं घेत गेलो आणि ते प्रत्येक नावाला मान हलवत गेले. शिक्षण किती, घर स्वतःचं की भाड्याचं, एक शब्द विचारला नाही. लग्न ठरलं. बापानं मला ऑइलच्या डब्यावर दिलं, असं रेणुका अजूनही म्हणते.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. त्यांचं गाव येलदरी धरणाच्या अंगाला आहे. धरणाकाठच्या झुडपांतून रानडुकरं उठतात आणि भुईमूग उकरून जातात, म्हणून पीक राखण्यासाठी त्यांच्या वडिलांना बंदुकीचं लायसन मिळालं होतं. पुढं ते मामांच्या नावावर आलं. गाव तिला बंदूक म्हणतं, मामा रायफल म्हणतात. रायफल वेगळी असते, हे एकदा मी सांगून पाहिलं. त्यानंतर पुरणपोळीवर मला तूप वाढायचं राहून गेलं.

डुकरांना या रायफलीचा काडीचाही त्रास नाही. मामा रात्री राखणीला जातात, डुकरं येतात, मामा बॅटरी मारून त्यांच्याकडे बघतात आणि परत येतात. का मारली नाही गोळी, असं विचारलं की म्हणतात, "आजच साफ केलती की."

साफ करण्याचा वार गुरुवार. आधी रॉकेल लावून तारेचा ब्रश फिरवायचा, मग सुती कापडाचा बोळा, मग तेल, आणि शेवटी आत काही जाऊ नये म्हणून नळ्यांच्या तोंडाला बोळा. कापड जुनं आणि मऊ लागतं. सासुरवाडीला नेलेलं माझं एकही बनियन परत आलेलं नाही. मामींचं एक चांगलं लुगडंही त्या नळीत गेलं, तो विषय घरात अजून निघतो.

पण खरा प्रश्न तेलाचा. करडईच्या तेलानं नळीत चिकटा धरला. खोबरेल तेल उन्हाळाभर चाललं आणि थंडीत आतल्या आत गोठून बसलं. मशीनचं तेल म्हणजे "निस्तं पाणी". मी दिलेलं ब्रेक ऑइल दस्त्यावर सांडलं आणि लाकडाचं सगळं पॉलिश घेऊन गेलं, तेव्हा मामा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. रेशनचं रॉकेल बंद झालं त्या दिवशी ते जेवले नव्हते. हैदराबादहून मी खास बंदुकीचं म्हणून एक तेल मागवलं. त्यांनी ते अंगठ्यावर घेतलं, चोळलं, हुंगलं. "वास बरा हाय. पर धरणाची हवा ह्याला झेपंल का?"

ते ठरवायला गच्चीवर परीक्षा मांडलेली असते. ओल्या वाळूत खिळे रोवून ठेवलेले, प्रत्येकाला वेगळं तेल. ज्या खिळ्याला शेवटी गंज चढेल ते तेल पास. मी पाहुणा म्हणून गेलो की चहाच्या आधी गच्चीवर जाऊन खिळे बघावे लागतात. आठवडाभर दुकानात ऑइल आणि सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीत ऑइल. माणसाला कंटाळा येतो हो.

निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे लोक बंदूक टेकवतात आणि विसरतात. मामा दर गुरुवारी डबा घेऊन ठाण्यात जायचे. डब्यात भाकरी नसायची, तेल आणि चिंध्या असायच्या. पोलिसांनी आधी हाकललं, मग वैतागून एक बाक दिला. जमादार इतर बंदूकवाल्यांना दम द्यायचे, "मामांची नळी बघा! जंग म्हंजे काय ते तिला ठाऊक न्हाई!" मामा तेव्हा खाली बघून चिंधीची घडी घालत बसायचे, पण कान लाल झालेले असायचे.

आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली. मूल नाही. परभणी, नांदेड, संभाजीनगर, सगळे दवाखाने झाले. सगळ्या देवांचंही झालं. मामी रडायच्या, माझी आई टोमणे मारायची. मामांनी मात्र त्याबद्दल कधी तोंडातून चकार शब्द काढला नाही. या वर्षी शेवटचा उपाय म्हणून रेणुकाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा ते आठवडाभर आमच्याकडे येऊन राहिले. दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसायचे आणि माझ्याशी डिझेलनं नळी धुवावी की नाही यावर बोलायचे. उपाय लागू पडला नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं त्या संध्याकाळीही त्यांनी मला विचारलं, "तो स्प्रे आतून कोरडा व्हतो का वो?" मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बिल भरायला गेलो. त्या रात्री रेणुका म्हणाली, आता बास. मलाही बास झालं होतं. आम्ही थांबायचं ठरवलं.

महिन्याभरानं मामींचा फोन आला. "लायसनचं नूतनीकरण हाय, सोमवारी बंदूक ठाण्यात दाखवायचीय. आन ह्यांनी नळीला हात लावला न्हाई. गुरुवार झाले किती, तेलाची बाटलीबी उघडंनात. तुमी या."

मामा आजारी असणार, असं धरून मी रविवारी गाडी काढली. ते धडधाकट होते. भिंतीवरच्या बंदुकीखाली खुर्ची टाकून बसले होते. गच्चीवर चला म्हणाले नाहीत, दुकानाचं विचारलं नाही. मला भीतीच वाटली. म्हटलं, मामा, थकला असाल तर मी साफ करतो. त्यांनी काही म्हणायच्या आत मी बंदूक उतरवून मोडली आणि दाराकडे धरली. डाव्या नळीतून उजेड आला. उजवीतून आला नाही. आत मातीचा गोळा होता, वाळून टणक झालेला.

मी साफ करायची सळई उचलली. आजवर मामांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू. कुंभारीन हाय."

कुंभारीण म्हणजे ती लांब पायांची, बारीक कमरेची माशी, मातीची घरं बांधते आणि आत अंडी घालून, दार लिंपून निघून जाते. कुंभारणीनं घर केलं की त्या घरच्या लेकीसुनेचा पाळणा हालतो, असं आमच्याकडच्या बायका म्हणतात. ते घर कुणी मोडत नाही. मामींनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत निघून गेल्या.

"रेणीकडं यायच्या गडबडीत नळीला बोळा लावायचा ऱ्हायला," मामा म्हणाले. "वापस येऊन बघतो तर हे."

चाळीस वर्षांत त्यांचा बोळा एकदाच राहिला होता.

मी खाली बसलो. सांगणं भागच होतं. "मामा, आम्ही आता सगळं बंद केलंय."

"ठाव हाय. रेणीनं सांगितलं फोनवर."

"मग?"

"मग काय? आपुन बंद केलंय. तिला कुठं कुनी सांगितलंय?" आणि त्यांनी नळीकडे बोट दाखवलं.

मला हसू यायला हवं होतं. मी सळई होती तिथं ठेवून दिली. दवाखान्यातल्या त्या बाकावर हा माणूस माझ्याशेजारी आठवडाभर काय गिळत बसला होता, ते मला तेव्हा कळलं.

सोमवारी मी त्यांना गाडीतून ठाण्यात नेलं. जमादारांनी लांबूनच हाक मारली. "या मामा! तुमची तर बघायचीबी गरज न्हाई." तरी रीत म्हणून त्यांनी बंदूक मोडून खिडकीकडे धरली. मग पुन्हा धरली.

"मामा, उजव्या नळीत काय हाय हे?"

बाकावर आणखी चार-पाच बंदूकवाले बसले होते. याच मामांच्या नावानं त्यांना वर्षानुवर्षं दम मिळत होता. सगळे वळून बघायला लागले. मामा ताठ उभे राहिले.

"जंग हाय," ते म्हणाले.

"तुमच्या बंदुकीत? जंग?"

"हां. वय झालं. माझ्याच्यानं सफाई होईना."

कुणीतरी मागं खुदकन हसलं. जमादारांनी टेबलाखालची सळई काढली, "थांबा, मीच काढून देतो" म्हणाले. मामांनी बंदूक त्यांच्या हातातून ओढून छातीशी धरली. जमादार बघतच राहिले. मामांचे कान लाल झाले होते, पण या वेळी ते खाली बघत नव्हते.

"आमी करू. जरा वखत द्या, साहेब."

"बरं, बरं. पुढच्या महिन्यात आणा," जमादार म्हणाले. त्यांनाच लाजल्यासारखं झालं होतं.

गाडीत मामांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि नळीच्या तोंडावर उपरणं सैलसं धरलं, धूळ जाऊ नये पण वारा मिळावा म्हणून. येलदरीचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि स्टिअरिंग सोडता येत नव्हतं.

"रेणीला सांगू नका," ते म्हणाले. "तिला वाटंल, बाप अजून आस लावून बसलाय."

"आणि नाही बसलात?"

बाहेर तुरीकडे बघत त्यांनी नळीवरचं उपरणं पुन्हा सैल केलं.

"जावईबापू, ते हैदराबादचं तेल मिळंल का अजून? आणून ठिवा एक बाटली. पिल्लं उडून गेल्यावर नळी धुवावी लागंल." मग म्हणाले, "घाई न्हाई."

आणतो म्हणालो. पुढं मोठा खड्डा दिसत होता. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घेतली आणि खड्ड्यातून जमेल तितकी हळू काढली.