बेडकाचं औषध आणि आप्पांचा अंगठा

अर्धं झालेलं काम हे जगातलं सर्वात समाधान देणारं काम असतं. पुऱ्या झालेल्या कामात खोट निघू शकते, सुरूच न केलेल्या कामाबद्दल बोलणी बसतात. अर्ध्या कामाला मात्र कोणी नावं ठेवत नाही. ह्याच भक्कम पायावर ह्या गोष्टीतली संस्था उभी आहे.

संस्थेचं कार्य थोर आहे. जंतू दिवसेंदिवस निगरगट्ट होत चाललेत, जुन्या औषधांना भीक घालत नाहीत. अशा वेळी निसर्गाचे पाय धरावे लागतात. बेडकाची कातडी, विंचवाचं विष, गाईचं दूध, माणसाचा घाम ह्या सगळ्यांत जंतूंना मारणारे प्रथिनांचे बारके तुकडे असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. जगात कोणालाही असा तुकडा सापडला की संस्था तो आपल्या संगणकातल्या माहितीकोशात नोंदवून ठेवते. उद्या कोणाला नवं औषध काढायचं झालं तर शोधाशोध नको. (बेडकांना ह्यातलं काहीही कळवण्यात आलेलं नाही.)

हा कोश सांभाळणाऱ्या अधिकारी म्हणजे बाई. ऑफिसात सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत, आणि बाई कोशाला लेकरासारखं जपत. लेकरू बाळसंही छान धरत होतं. दुसऱ्या संस्थेने ह्यांच्याकडून पेप्टाइडं उचलली, तिसरीने दुसरीकडून, आणि ह्यांनी तिसरीकडून. असं गावभर हिंडून घरी परतलेलं पेप्टाइड ‘तीन ठिकाणांहून दुजोरा मिळालेलं’ ठरे आणि त्याचा मान वाढे. पुढे संगणकच नवी पेप्टाइडं कल्पनेने रचू लागला, तेव्हा बेडकांची मिजास कायमची उतरली. आकडा चाळीस हजारांवर गेला, त्या दिवशी संचालकांनी केक कापला.

कोशात एक रकाना होता : ‘प्रयोगात तपासलं का?’ त्यात तीन उत्तरं चालत. होय, होणार आणि होण्याजोगं. बहुतेक पेप्टाइडं होण्याजोगी होती. ह्यामागे संचालकांचा खोल विचार होता. पेप्टाइड तपासलं की ते नापास होऊ शकतं, नापास झालं की काढून टाकावं लागतं, आणि काढून टाकलं की कोश रोडावतो. म्हणून तपासणीइतका विज्ञानाला दुसरा धोका नाही.

बाईंनाही हे पटलेलं होतं. मग आप्पांचा अंगठा चिघळला.

आप्पा म्हणजे बाईंचे वडील. नवे बूट चावले, पायाच्या अंगठ्याला फोड आला, आणि त्यात जंतूंनी असं बस्तान बसवलं की हलायचं नाव नाही. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी जखमेतले जंतू तपासले. औषधामागून औषध करून पाहिलं. प्रत्येकापुढे ‘दाद देत नाही’ असाच शेरा आला. एका औषधाचा निकाल यायचा होता. तेही हरलं तर अंगठा कापावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आप्पा मात्र लेकीच्या जिवावर निर्धास्त होते.

“अगं, चाळीस हजार औषधं आहेत ना तुझ्याकडे? त्यातलं एक दे की. मी काय सगळी मागतोय?”

दुसऱ्या दिवशी बाईंनी संचालकांकडे आप्पांच्या जंतूंवर दहा पेप्टाइडं तपासून बघण्याची परवानगी मागितली.

“बाई,” संचालक मायेने म्हणाले, “गुण येणार हे ठाऊक असेल, तर तपासायचं कशाला? आणि ठाऊक नसेल, तर उगाच खर्च कशाला?”

अखेर वडिलांचं प्रकरण म्हणून एका पेप्टाइडाला मंजुरी मिळाली, तीही ते पास होईल ह्या अटीवर. बाईंनी सर्वात जास्त दुजोरे असलेलं निवडलं. प्रयोगशाळेत ते जंतूंवर सोडलं आणि जंतू झाडून सगळे मेले! बाईंना रडूच फुटलं. शेजारच्या नळीत माणसाच्या रक्तपेशी ठेवल्या होत्या. त्याही झाडून सगळ्या मेल्या. संचालकांनी पाठ थोपटली आणि स्वतः नोंद केली : ‘तपासलं : होय. परिणाम : शंभर टक्के.’

बाई रिकाम्या हाताने इस्पितळात पोचल्या. डॉक्टरीणबाई आप्पांना विचारत होत्या, “ह्याआधी कुठल्या गोळ्या घेतल्यात?”

आप्पांनी अभिमानाने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, सगळ्या अर्ध्या. ताप उतरला की आप्पा गोळ्या थांबवत आणि उरलेल्या पुढच्या वेळेसाठी ठेवत. घशाच्या वेगळ्या, पोटाच्या वेगळ्या, शेजाऱ्यांकडून आलेल्या रबर लावून वेगळ्या.

“म्हणजे जंतूंना अर्धा अर्धा मार देऊन तुम्हीच त्यांना निगरगट्ट केलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाई डब्याकडे बघतच राहिल्या. ठिकठिकाणाहून जमवलेलं, नीट लावलेलं, एकही पूर्ण न वापरलेलं आणि सतत वाढणारं. हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. (त्यातल्या दोन पट्ट्या त्यांच्याच होत्या.)

नशीब असं की शेवटचं औषध लागू पडलं. चार दिवसांत जखम सुकली आणि आप्पा म्हणाले, “आता बरं वाटतंय. बाकीच्या ठेवून दे डब्यात.”

“आप्पा, तोंड उघडा,” बाई म्हणाल्या.

रोज त्या समोर बसून गोळी गिळायला लावत, आणि आ करायला लावून जिभेखालीही बघत. आप्पांनी रुसवा धरला, लहानपणी लेकीला दिलेल्या कडू औषधांची आठवण काढली. अखेर पट्टी संपली. पूर्ण रिकामी झालेली त्या घरातली ती पहिली पट्टी. आप्पा नवी चप्पल घालून फेरफटका मारायला गेले, पायाची दहाही बोटं घेऊन, आणि बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी ती रिकामी पट्टी ऑफिसातल्या टेबलावर नेऊन ठेवली.

संचालकांना तिचं मर्म कळलं नाही. ते वार्षिक अहवालाच्या आभारांत गढले होते. जंतू निगरगट्ट झाले म्हणून नवी औषधं हवीत, नवी औषधं हवीत म्हणून कोश हवा, आणि कोश हवा म्हणून अनुदान मिळतं. तेव्हा आभार मानायचे ते जंतूंना अर्धवट मार देऊन पोसणाऱ्या, घराघरांतल्या आश्रयदात्यांचे. त्यांची नावं छापायची होती. बाईंनी आपलं नाव आठवणीने खोडलं.

यादीत तुमचं नाव अजून आहे. काहीतरी चूक झाली असावी असं वाटत असेल, तर उठून तुमच्या औषधांच्या ड्रॉवरमध्ये बघून या. आम्ही थांबतो.