बारावा पेला

सोनवणेकाकांना कुणाच्याही घरी पाणी दिलं की ते आधी पीत नाहीत. पेला डोक्याच्या वर धरतात आणि खालून त्याचा तळ बघतात. पेला भरलेला असला तरी बघतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा पेल्यात पियुष होतं आणि खाली माझा नवाकोरा बदामी सोफा. व्हायचं तेच झालं. काकांनी पेला शांतपणे टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सपक काच आहे हो. फेकून द्या."

सोफ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. डाग अजून आहे, या, दाखवते.

हॉलंडमधल्या रायस्वाइकच्या आमच्या इमारतीत मी चौथ्या मजल्यावर आणि सोनवणे काका-काकू बरोब्बर माझ्या खाली. काका रॉटरडॅमच्या बंदरात इंजिनिअर होते, आता रिटायर झालेत. आता या देशात आयुष्य काढलेल्या माणसाने काय जमवावं? ट्युलिपचे कांदे जमवावेत, निळ्या नक्षीच्या बशा जमवाव्यात. हे गृहस्थ जमवतात अमेरिकन काच. तीही आजकालची नाही. खापरपणजोबांच्या काळातली, वितळलेली काच लोखंडी साच्यात घालून वरून दाबून काढलेली. पेले, वाडगे, साखरेची भांडी, लोण्याच्या झाकणवाल्या ताटल्या. सेलरीच्या जुड्या उभ्या करून ठेवायला एक उंच भांडंसुद्धा आहे. भाजीला फुलदाणी करणारे ते लोक थोर, आणि ती हॉलंडात शोधत फिरणारे आमचे काका त्याहून थोर.

या काचेवरच्या नक्ष्यांना इंग्रजी नावं आहेत, पण काकांना ती पसंत नाहीत. त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलंय. 'डेझी अँड बटन'ची झाली 'शेवंती-बटणं'. अंगठा दाबल्यासारखे खळगे ओळीने असतात ती 'थंबप्रिंट' झाली 'अंगठेबहाद्दर'. "अंगठेबहाद्दरासारखा सज्जन कुणी नाही," असं ते घरच्या जावयाबद्दल बोलावं तसं बोलतात. आणि या काचेला कुणी चुकून क्रिस्टल म्हटलं तर संपलंच. बाजारात एका डच बाईने पाटीवर तसं लिहिलं होतं, तर काकांनी भर थंडीत तिला मोडक्यातोडक्या डचमध्ये समजावलं की क्रिस्टल हाताने कापतात, ते राजेरजवाड्यांचं. ही साच्यातली, साध्या माणसांची. बाईने कंटाळून पाटी फाडली तेव्हा कुठे हलले. म्हणजे ही गरिबांसाठीची नक्कलच की, असं मी एकदा म्हणाले. काका दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन महिने फार सुखात गेले.

एरवी त्यांचा आवडता शब्द 'अन्याय'. काच डिशवॉशरमध्ये घालणं अन्याय, गरम चहा ओतणं अन्याय, पेल्यावर पेला रचून ठेवणं तर महाअन्याय. खिशात जांभळ्या उजेडाचा टॉर्च असतो. तो मारला की जुनी काच हिरवट चमकते म्हणे. माझ्या मुलाच्या वाढदिवसाला केकसाठी दिवे घालवले, तर काकांनी अंधाराची संधी साधून टेबलावरची सगळी भांडी तपासली. पोराने मेणबत्त्या फुंकल्या त्या कुणी बघितल्याच नाहीत. वर हा माणूस जगाला अहो-जाहो करतो. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला "अहो, तुम्ही जेवलात का?" विचारतो आणि पस्तिशीच्या मला 'मुग्धाबाई' म्हणतो. मुग्धाबाई! आरशात बघायची भीती वाटते.

साहजिकच लोकांनी त्यांना बोलावणं कमी केलं. यात मरण बिचाऱ्या सुमनकाकूंचं. बाई बोलकी, हौशी, हाताला चव, आणि नवऱ्यापायी घरात बसलेली. घर तरी कसलं, सगळ्या भिंतींना काचेची कपाटं. एक खुर्ची जरा जोरात सरकवली की अख्खं घर किणकिणतं, ते मला वर ऐकू येतं.

या सगळ्या पसाऱ्यात काकांचा जीव अडकला होता तो एका संचात. अंगठेबहाद्दर नक्षीचे, उंच पायाचे बारा पेले. अकरा जमले होते, बारावा काही केल्या मिळत नव्हता. त्या अकरातून कधी कुणी पाण्याचा थेंब प्यायलं नव्हतं. दोघं नवराबायको स्टीलच्या फुलपात्राने पाणी पीत. मी एकदा विचारलं, तर काका म्हणाले, "बारा झाले की वापरायचे. अकरात एक माणूस राहतो." घरात माणसं दोन, राहतं कोण? पण त्यांच्याशी डोकं कोण लावणार.

या संक्रांतीला काकूंनी ठरवलं की काही झालं तरी हळदीकुंकू करायचं. आम्हा बाराजणींना आमंत्रण गेलं. वाण म्हणून द्यायला पुण्याहून भावाने छान डबे पाठवले होते, ते कस्टममध्ये अडकले. काका नेमके ब्रेडाला गेलेले, तिथल्या बाजारात बारावा पेला आल्याची खबर होती म्हणून. बायका यायला लागल्या, वाणाला घरात काही नाही. काकूंनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा कपाटाकडे, आणि कपाट उघडलं.

अकरा जणींना तिळगुळाबरोबर उंच पायाचा एकेक पेला मिळाला. माझी ऑफिसची मीटिंग लांबली, मी सगळ्यात शेवटी पोचले. मला मिळाली चमचेदाणी. जेवणाच्या टेबलावर चमचे उभे करून ठेवायचं काचेचं भांडं. वाणाला नावं ठेवू नयेत हे मला माझ्या आईने शिकवलंय. पण बाकीच्यांना पेले, आणि काकूंनी हाक मारली की चपला न घालता खाली धावणाऱ्या मला चमचेदाणी? मला राग आला, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला अजून वाटत नाही.

आता वाणाचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा ओटीत पडलं की देणाऱ्याने मागायचं नाही आणि घेणारीने परत करायचं नाही. तेव्हा काकांचे पेले गेले ते गेलेच. संध्याकाळी काका ब्रेडाहून हात हलवत आले. तिथला पेला हल्लीची नक्कल निघाला होता. मी जमिनीला कान लावायचीच बाकी होते. खालून हूं नाही की चूं नाही.

पुढच्या रविवारी काका निघाले घरोघर. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हलकल्लोळ झाला. स्वातीने पेल्यात टूथब्रश ठेवले होते, ते बघून काकांना खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. कुणाकडे त्यात तुळस होती, कुणाकडे उदबत्त्या. काका 'अन्याय, अन्याय' म्हणत होते, पण पेला कुणाकडे मागत नव्हते. प्रत्येकीला फक्त एवढंच विचारत होते, "तुम्हाला पायाचाच मिळाला ना?" आम्ही एकमताने ठरवलं की ही मोजदाद आहे, वसुली मागाहून होणार. मला तर संतापच आला. दिलेलं वाण गोळा करत फिरणारा माणूस मी बापजन्मात पाहिला नव्हता.

माझ्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी चमचेदाणी पुढ्यात आदळली आणि म्हणाले, घेऊन जा, माझ्याकडे चमच्यांना खण आहे.

काका तिच्याकडे बघत राहिले. चेहरा पार उतरला. "हे दिलं तुम्हाला?"

"हेच दिलं."

"बाकीच्यांना पेले, आणि तुम्हाला हे?"

तेच तर म्हणतेय मी, असं म्हणेपर्यंत ते दाराबाहेर होते. मिनिटभरात खालून त्यांचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्यांना काकूंवर ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. एकीला वेगळं, आणि तेही माझ्या घरात, असं काहीतरी ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. काकू रडवेल्या आवाजात सांगत होत्या की अकराच होते हो, मी काय करू.

त्यानंतर काकांनी धडाका लावला. वारा असो, गारा असोत, सायकल काढायची आणि स्टेशन गाठायचं. जुन्या वस्तूंची दुकानं, शाळांच्या मैदानातले बाजार, काही सोडलं नाही. पुन्हा पहिल्यापासून संच जमवायला घेतला, असं आम्ही म्हणालो. काकू वर येऊन माझ्यापाशी रडून गेल्या. या वयात न्यूमोनिया झाला म्हणजे, आणि कशासाठी, एका काचेसाठी? मी त्यांच्या बाजूने काकांना मनसोक्त शिव्या दिल्या.

चैत्र लागला, आणि एका सकाळी दोघं माझ्या दारात उभी. काकूंच्या हातात कुंकवाचा करंडा, काकांच्या हातात डच वर्तमानपत्राचं पुडकं. आल्मेरे गावात रस्त्याने जाताना एका म्हाताऱ्या बाईंच्या खिडकीत पेला दिसला म्हणे, त्यात निवडुंग लावला होता, काकांनी सरळ बेल वाजवली. पुडकं सोडून त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. अंगठेबहाद्दर. पायाचा.

"तुमचा," ते म्हणाले.

मी हात मागे घेतला. म्हटलं, काका, हा तुमचा बारावा, इतकी वर्षं शोधलात, तुम्हीच ठेवा. चमचेदाणीने माझं काही अडलेलं नाही. हे धादांत खोटं होतं.

"मी एक ठेवून काय करू? बाराजणी घरी आल्या, एकीला वेगळं भांडं गेलं. मला तेव्हापासून झोप नाही." मग पेल्याकडे बघतच ते बोलत राहिले. "गावात आई ज्यांच्या शेतावर जायची, त्यांच्याकडे चहा मिळायचा. आमचे कप वेगळे. कान तुटलेले, बाहेर गोठ्याच्या कोनाड्यात. पिऊन झालं की आईच विसळून परत ठेवायची. पुढे कंपनीनं अमेरिकेला ट्रेनिंगला पाठवलं. घरमालकीणबाईंनी सणाला जेवायला बोलावलं. लांब टेबल, बारा माणसं. मी बसायच्या आधी बघून घेतलं, माझ्यापुढे काय ठेवलंय." त्यांनी हातातला पेला जरा उंच धरला. "हाच होता. सगळ्यांपुढे हाच. साचा माणूस बघत नाही, मुग्धाबाई."

माझ्या कपाळाकडे आलेलं काकूंचं कुंकवाचं बोट तिथेच थांबलं. "हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी आपली जन्मभर त्या पेल्यांवर डाफरतेय."

"त्यात काय सांगायचं," काका म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या कोनाडेवाल्यांपैकी एक जण जरी तेव्हा माझ्या तावडीत सापडला असता ना, तर मी त्याला चौथ्या मजल्यावरून खाली फेकला असता. पण समोर हे दोघंच होते, चपला काढून दारातच उभे. मी त्यांना बदामी सोफ्यावर बसवलं, पेला धुतला, पाणी भरलं आणि आणून काकूंना दिला. त्या दोन घोट प्यायल्या आणि त्यांनी तो काकांच्या हातात दिला. काकांनी अर्धा संपवून टेबलावर ठेवला, तो मी उचलला.

"अहो, उष्टं आहे," काका म्हणाले.

मी त्यांचं कधी ऐकलंय? सगळं प्यायले.